दुसरी सही

एकतीस वर्षं परळच्या वॉर्ड ऑफिसात
मी मृत्यूच्या नोंदी केल्या.
नाव, वय, कारण, स्मशानाची पावती.
खिडकीपलीकडचा माणूस रडत असला
तरी स्पेलिंग विचारावंच लागतं.
एवढे रकाने भरले,
पण गेलेल्याचं मागे काही चालू आहे का,
असं विचारणारा रकाना नव्हता.

निवृत्त झाल्यावर फॉर्म आणला.
मूत्रपिंडं, यकृत, हृदय, डोळे.
चौकोन इवलेसे, बरोबरच्या खुणेपुरते.
हात थरथरला नाही, पेन चांगलं होतं.
खाली मात्र साक्षीदार दोन,
त्यातला एक जवळचा नातेवाईक.

तिसऱ्या मजल्यावरचे पोतनीस म्हणाले,
वा, विचार फारच उत्तम,
गणपतीत यावर व्याख्यान ठेवू.
सही मात्र… आज चष्मा सापडत नाहीये.
(तो कपाळावर होता.)

शिरोडकर कंपाउंडरनं दार लोटून घेतलं.
कुजबुजला, असलं कार्ड खिशात सापडलं ना,
तर डॉक्टर फार धडपड करत नाहीत, बरं का.
हाच शिरोडकर दर सोमवारी मेहुण्याला घेऊन
डायलिसिसला जातो.
दोन वर्षं झाली,
यादीतला नंबर कितीवर आला ते विचारून येतो.
हा आठवडा? मी विचारलं.
तिथंच आहे, म्हणाला.
चहा झाला. कप मीच आत नेऊन ठेवला.

शेवटी विल्फी किणीनं केली,
जिन्यातच, भिंतीला कागद टेकवून, न वाचता.
माझ्या आईचं नाव तू तीनदा दुरुस्त करून दिलंस,
चहासुद्धा घेतला नाहीस, म्हणाला,
आण इकडे.

दुसरी राहिली.
मुलगा शारजाहून म्हणाला,
बाबा, कसला रिपोर्ट आलाय का?
नाही रे.
मग आत्ता कशाला?

हेमलता लसूण सोलत होती.
मान वर न करता म्हणाली,
डोळे नसलेल्याच्या पिंडाला कावळा शिवत नाही.
जसे आलात तसे जा. अख्खे.
म्हटलं, आलो तेव्हा अपेंडिक्स होतं,
ते एकोणऐंशी साली केईएमला ठेवून आलो.
दात तर कुठकुठे पडले, हिशेब नाही.
ती हसली नाही.
म्हटलं, अगं, कावळा शिवत नाही तो इच्छा राहिलेल्याच्या पिंडाला.
आता माझी इच्छा राहिलीच आहे कुठली?
ही एक सही.
ती नाही झाली, तर चौपाटीवर दुपारी दोनपर्यंत उभं राहावं लागेल तुला,
तुझ्या गुडघ्यांनी.

लसणाची सालं फुंकून ती आत गेली.
फॉर्म चार दिवस फ्रिजवर, गॅसच्या पुस्तकाखाली.
मी विषय काढला नाही.
तिनंही नाही. फक्त एकदा
फ्रिज पुसताना तो उचलला, खालचं पुसलं,
परत होता तसा ठेवला.

पाचव्या रात्री जाग आली
तर स्वयंपाकघरात दिवा.
ती फॉर्मच्या पाठीमागचं बारीक अक्षर वाचत होती,
बोट एकेका ओळीखाली सरकवत,
रेशन कार्डावरची नावं तपासावीत तसं.
मृत्यूनंतर पापण्या मिटाव्यात.
डोळ्यांवर ओला कापूस ठेवावा.
डोक्याखाली उशी द्यावी.
पंखा लगेच बंद करावा.

अहो, म्हणाली,
पंखा बंद करायचा असतो म्हणे.

अडतीस वर्षं आम्ही ह्या पंख्यावरून भांडतोय.
मला पाचवर लागतो, तिला दोनवरही थंडी वाजते.
चादर कानावर ओढून घेते, आणि सकाळी
सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं शिंकते.

तुला बरंच झालं की, म्हटलं.

काही बोलली नाही.
सही तिनं कधी केली मला माहीत नाही,
मी पुन्हा झोपलो होतो.
सकाळी कागदावर होती, थोडी तिरकी,
आणि डोळ्यांच्या चौकोनावरची माझी खूण
कुणीतरी पेनानं पुन्हा गिरवून ठेवली होती.

पंखा पाचवर चालू होता.